मत्स्यतैलाच्या गोळ्या आणि स्थूलपणा

औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या सोनेरी, मऊ मत्स्यतैलाच्या गोळ्या घेतल्या असतां अंगावरील चरबी झडते, असा पुष्कळांचा समज आहे. तो कितपत खरा?

स्निग्ध पदार्थांतील कांहीं अम्लें शरीरास स्वतः तयार करितां येत नाहींत. तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात. अमेरिकेंतील बर दांपत्यानें १९२९-३० सालीं हें सिद्ध केलें. स्निग्धांश वगळलेल्या अन्नावर ठेवलेल्या त्यांच्या उंदरांची वाढ खुंटली व त्वचा खवल्यांसारखी झाली. हीं अम्लें आवश्यक आहेत, यांत संशय नाहीं. परंतु तेल कोणतेंही असो, त्याच्या १ ग्रॅमापासून सुमारें ९ कॅलरी उष्णता निघते. मत्स्यतैल त्यास अपवाद नाहीं. वजन उतरविण्यासाठीं तेल घ्यावें, ही कल्पनाच मुळीं चमत्कारिक!

हृदयाच्या रक्षणाचें काय? अमेरिकेंत २५,८७१ प्रौढांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. प्रतिदिनीं १ ग्रॅम मत्स्यतैल घेऊनही हृदयविकार व पक्षाघात यांच्या तीव्र आघातांचें एकंदर प्रमाण लक्षणीय घटलें नाहीं. रक्तांतील ट्रायग्लिसराइड फार वाढलें असतां डॉक्टर हीं अम्लें मोठ्या मात्रेंत देतात, ती गोष्ट निराळी.

कोंकण किनाऱ्यावरील तारली व बांगडा यांत हींच अम्लें विपुल असतात. शाकाहारी घरांत जवसाची चटणी असते. मात्र तींतील अम्लाचा अल्प भागच शरीर मत्स्यतैलांतील अम्लांत पालटूं शकतें.

कॉड माशाच्या यकृताचें तेल मात्र वेगळें. त्यांत अ व ड हीं जीवनसत्त्वें पुष्कळ असून तीं शरीरांत सांचून राहतात. म्हणून मुलांस तें नेमल्यापेक्षां अधिक पाजल्यास अपाय होतो.