पूर्वपक्ष मांडता आला पाहिजे

सतराव्या शतकात महाराष्ट्रातील धर्मविषयक वाद निर्णयासाठी काशीला पाठवले जात. विश्वेश्वर मंदिराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरे, निर्णयपत्र तयार होई आणि अनेकांच्या संमतीसह ते दक्षिणेत येई. दूर अंतरावरून एकत्र विचार करण्याची ती एक रीत होती. साधन होते कागद. आज विद्यार्थ्यांच्या हाती त्याहून वेगवान साधन आहे. प्रश्न आहे तो रीतीचा.

निवृत्तीनंतर वाराणसीत वास्तव्य असताना मी इतिहासाच्या सहा स्थानिक विद्यार्थ्यांची मराठवाड्यातील तितक्याच विद्यार्थ्यांशी ऑनलाइन गाठ घालून दिली. विषय होता गागाभट्ट. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला आले आणि पुढे त्याच कुळातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला.

पहिला महिना वाया गेला, आणि दोष माझा होता. प्रशासनातील सवयीने मी कामाची वाटणी केली: एकाकडे घराणे, दुसऱ्याकडे ग्रंथ, तिसऱ्याकडे राज्याभिषेक. नीटनेटके संयुक्त टिपण तयार झाले; परंतु शेजारच्या परिच्छेदात काय लिहिले आहे, हे कोणालाच सांगता येईना. फाइल सर्व टेबलांवरून फिरली होती, विचार मात्र जागचा हलला नव्हता.

मग एकच नियम केला. आक्षेप घेण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे असे लिहायचे, की त्याने ‘हेच मला म्हणायचे होते’ अशी कबुली द्यावी. शास्त्रपरंपरेत याला पूर्वपक्ष म्हणतात. वाराणसीकरांचा दावा होता की गागाभट्ट काशीचे. मराठवाड्याचा दावा, ते पैठणचे. आता काशीच्या मुलांना स्थलांतराचा इतिहास धुंडाळावा लागला, तर मराठवाड्याच्या मुलांना रायगडावरील सोहळ्यास काशीच्या मान्यतेचे मोल का वाटले, याचा विचार करावा लागला. एक बाजू हिंदीत लिही, दुसरी मराठीत. लिपी एक असल्याने फारसे अडले नाही. सारे लेखी असल्यामुळे रेंज मिळेल तेव्हा वाचता येई. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका विद्यार्थिनीने सर्वांत मूलगामी प्रश्न विचारला: राजाला मान्यता देण्याचा अधिकार या पंडितांना कोणी दिला? मुक्तिमंडपातील सभेत तिला प्रवेशही मिळाला नसता. जुनी रीत घ्यावी, जुनी दारे नव्हेत, हे मला तिच्यामुळे उमगले.

धोरणकर्त्यांसाठी यात एक सूचना आहे. २०१७ पासून सुरू असलेल्या ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमरचनेचे चार भाग आहेत: चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येतात. एवढा भार ऑनलाइन शिक्षणावर टाकायचा, तर चर्चा हा शोभेचा चौथा खांब राहून चालणार नाही. दुसऱ्याची बाजू प्रामाणिकपणे मांडण्यास गुण हवेत. त्याचबरोबर हा पत्रव्यवहार वाचणाऱ्या शिक्षकाचे तास त्याच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजेत. बारा जणांचे लेखन वाचून प्रत्येकाला उत्तर देण्यात माझी रोजची संध्याकाळ जाई. निवृत्ताला ते परवडते. तीन वर्ग सांभाळणाऱ्या कंत्राटी प्राध्यापकाला नाही. हा खर्च टाळला, तर विद्यार्थी पुन्हा वाटणीकडेच वळतील.

आमचे अंतिम टिपण एकमताचे नाही. त्यात दोन्ही मते आहेत. मात्र काशीची बाजू मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिली आहे आणि मराठवाड्याची काशीच्या.