जुन्या कॅसेटचं काम घेताय? आधी तास मोजा!

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर करून देण्याचं काम घरबसल्या करता येतं. चालू व्हीसीआर, कॅप्चर कार्ड, डीव्हीडी रायटर असलेला कॉम्प्युटर, एवढंच लागतं. पण माझ्या दोन चुका तुम्ही करू नका.

पहिल्या ऑर्डरला मी कॅसेटमागे दर सांगितला. वाटलं, फाइल कॉपी करण्यासारखं असेल. पण कॅसेट जेवढा वेळ चालते, तेवढाच वेळ रेकॉर्डिंगला लागतो. ३ तासांची कॅसेट म्हणजे पूर्ण ३ तास. त्यात ४.७ जीबीच्या डिस्कवर चांगल्या क्वालिटीत साधारण २ तासच बसतात, म्हणजे डिस्क दोन. नफा तिथेच संपला. दर तासावर ठरवा.

दुसरी चूक महागात पडली. टेपवर पांढरी बुरशी दिसत असताना मी घाईत कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. एका काकांच्या वडिलांचं दूरदर्शनवरचं गाणं होतं त्यात. दुसरी प्रत नव्हती. टेप अडकून चुरगळली, काही मिनिटं गेली ती गेलीच. पैसे परत केले, पण गाणं कुठून आणणार? म्हणून कॅसेट घेतानाच गिऱ्हाइकासमोर उजेडात तपासा. बुरशी असेल तर स्वच्छ केल्याशिवाय लावू नका. हेड खराब होतं, पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते.

आणि हो, मालिका-सिनेमांच्या कॉप्या काढून विकायच्या नाहीत. तो कॉपीराइटचा भंग आहे.

आजच घरातली एक कॅसेट करून बघा. किती तास गेले ते वहीत लिहा. तुमचा दर त्यातूनच निघेल.