यंत्राचा गाभा निवडताना

आंबोलीचा घाट चढताना कंडक्टरच्या हातातले तिकिटाचे यंत्र मध्येच मुके झाले, तर प्रवाशांची करमणूक होते. संध्याकाळी हिशेब मात्र त्या कंडक्टरलाच द्यावा लागतो. अशी प्रकरणे युनियनच्या टेबलावर आली तेव्हा आम्हांला वाटले, घाटातला पाऊस आत शिरला असेल. यंत्रे दुरुस्त करणारा एक मुलगा म्हणाला, "काका, यंत्र धड आहे. आतला कर्नल जुना झालाय, त्याला आता वाली नाही." आम्हांला कर्नल ठाऊक तो फौजेतला! मग शिकणे भागच पडले.

एस. टी.च्या दापोडीच्या कारखान्यात चासीवर गाडीचा सांगाडा चढवीत. बाके, खिडक्या, रंग वरून दिसतात. भार वाहते ती चासी. कर्नल ही यंत्राची चासी होय. तिकीट छापणारा प्रोग्राम आणि बॅटरी, पडदा, छपाईचा भाग यांच्यामध्ये तो उभा असतो. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स कर्नल आज असंख्य यंत्रांत आहे. अँड्रॉइड फोनांतही तोच.

त्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. मग सर्वांत नवी ती घ्यावी, असे कोणीही म्हणेल. येथेच फसगत होते. ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाली आणि ४.२० डिसेंबरात. (हे दशांश अपूर्णांक नव्हेत, एकोणीसनंतर वीस, इतकेच.) धाकटी ४.२० मार्च २०१९ मध्येच वाऱ्यावर सोडली गेली. थोरली ४.१९ मात्र 'दीर्घ मुदतीची' म्हणून निवडलेली. तिची डागडुजी डिसेंबर २०२४ पर्यंत चालली. दोघींनाही 'स्थिर' हेच विशेषण होते! म्हणून विशेषण पाहू नये, मुदत पाहावी. दहा वर्षे वापरायच्या यंत्रात तीन महिन्यांचा गाभा घालणे म्हणजे हंगामी कामगारावर कायमचा कारखाना चालविणे.

स्थिर म्हणजे हात न लावलेला, हाही गैरसमज. ४.१९ ला सव्वातीनशे वेळा ठिगळे निघाली. ती यंत्रात न घातली तर चोराला दार उघडेच. शिवाय पुष्कळदा चिप विकणारा स्वतःचे फेरफार केलेला जुना कर्नल गळ्यात बांधतो, आणि नवी चिप आली की त्याकडे पाठ फिरवितो. म्हणून ज्या चिपचा आधार मूळ कर्नलातच सामावला आहे, ती आधी निवडावी. मग दीर्घ मुदतीची ताजी आवृत्ती घ्यावी आणि ठिगळे लावायला माणूस नेमावा. खर्च आहे खरा, पण तो मालकाचा. आज तो कंडक्टरच्या खिशातून जातो.

आमच्या मागणीपत्रात आता एक कलम वाढले आहे: यंत्र खरेदी करताना गाभ्याची आवृत्ती व तिची मुदत करारात लिहावी. व्यवस्थापनाला दोन पत्रे गेली आहेत. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे.