‘आमची मुलगी हुशार आहे’ हे वाक्य घरीच ठेवून शाळेत जा

माझी भाची जूनमध्ये पहिलीत गेली. पुस्तकं मिळाली त्या शनिवार-रविवारी तिने मराठीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं, मागच्या किमतीसकट. सोमवारी शाळेत अक्षर-ओळख सुरू झाली. ऑगस्टमध्ये डायरीत बाईंचा शेरा आला: मध्ये मध्ये बोलते, इतरांची उत्तरं सांगून टाकते, वर्गात लक्ष नसते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ही तक्रार बंद झाली होती, म्हणून ताई खूश. मग एकदा तिने गणिताची वही उघडली. 3 + 4 च्या पुढे 6 लिहिलेलं. ही मुलगी दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब तोंडी करते! विचारल्यावर म्हणाली, “सगळं बरोबर आलं की बाई हाताची घडी घालून बसायला सांगतात. थोडं चुकलं की परत करायला देतात.”

ताईचा फोन आला. “तू यातच पीएचडी करतेस ना? मग सांग, शाळेत जाऊन नक्की काय बोलू?”

माझा विषय आहे प्राथमिक शिक्षक मुलाची क्षमता कशावरून ओळखतात हा. त्यामुळे प्रश्न अगदी माझ्या दारातच आला. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. अशाच अर्थाचे प्रश्न मला बऱ्याच पालकांकडून येतात, आणि बहुतेकांनी शाळेत पहिलं वाक्य चुकीचं बोललेलं असतं.

ते वाक्य म्हणजे “आमची मुलगी खूप हुशार आहे.” त्यात खोटं काही नाही, पण त्याचा उपयोग शून्य. पन्नास मुलांच्या वर्गात बाई हे वाक्य वर्षाला निदान दहा-पंधरा वेळा ऐकतात. ते ऐकल्यावर त्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: खरंच आहे का? मग भेटीची दहा मिनिटं त्याच वादात जातात. “घरी खूप करते हो.” “पण वर्गात तसं दिसत नाही.” दोघींचंही म्हणणं खरं असतं, आणि मूल होतं तिथेच राहतं.

यावर पालकांना सुचणारा उपाय म्हणजे बुद्ध्यंक चाचणी करून कागदच पुढे ठेवायचा. इथे थोडं थांबू, कारण गैरसमज सगळ्यात जास्त याच ठिकाणी आहेत. बुद्ध्यंकाची सरासरी 100 धरलेली असते, आणि 130 च्या वर साधारण दोन टक्के मुलं येतात. पण हा आकडा उंचीसारखा मोजून येत नाही, त्याला चार-पाच गुणांची पुढे-मागे सूट असतेच. त्यातून पाच-सहा वर्षांच्या मुलाचा आज आलेला आकडा दोन वर्षांनी बराच बदलू शकतो. मूल त्या दिवशी झोपलेलं नसेल, अनोळखी मावशींशी बोललंच नसेल, तर संपलं. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बिने-कामत ही चाचणी वि. वि. कामतांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. मॅलिन यांची चाचणी 6 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी आहे, ती नागपूरची. दोन्ही कामं त्या काळात मोठीच होती. पण चाचणीची प्रमाणकं जुनी होत जातात तसे आजच्या मुलांचे गुण फुगून दिसायला लागतात. जगभर पिढ्यान्‌पिढ्या चाचणीतले सरासरी गुण वाढत गेले आहेत, त्याला संशोधक जेम्स फ्लिन यांच्या नावाने फ्लिन परिणाम म्हणतात. त्यामुळे कुणी 145 चा कागद हातात दिला तर पहिला प्रश्न ‘कुठली चाचणी, कधीची प्रमाणकं?’ हाच विचारायचा.

आणि उलटंही होतं. 1921 मध्ये लुइस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात बुद्ध्यंकावरून सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. या क्षेत्रातला हा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास. त्या चाळणीत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुलंही तपासली गेली होती. दोघंही निवडीत बसली नाहीत. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

मी चाचणीच्या विरोधात नाही. मूल तोंडी भराभर सांगतं पण लिहायला बसलं की रडतं, किंवा वाचतं अस्खलित पण वाचलेल्याचा अर्थ सांगता येत नाही, अशा वेळी चांगल्या मानसशास्त्रज्ञाकडे जायलाच हवं. अफाट बुद्धी आणि शिकण्यातली अडचण एकाच मुलात असू शकते आणि दोन्ही एकमेकींना झाकून टाकतात. पण ‘शाळेला दाखवायला कागद’ एवढ्यासाठी जाऊ नका.

मग शाळेला दाखवायचं काय? ताईला मी एक शंभर पानी वही करायला सांगितली. तीन आठवडे, रोज दोन ओळी. अट एकच, विशेषणं लिहायची नाहीत. ‘गणितात फार पुढे आहे’ असं नको. ‘मंगळवारी 27 आणि 38 ची बेरीज तोंडी केली. कशी केलीस विचारल्यावर म्हणाली, 30 आणि 35 केले’ असं हवं. हातचा न शिकवता मुलीने स्वतःची रीत काढली आहे, हे त्या एका ओळीतून कुठल्याही बाईंना कळतं. चुकासुद्धा लिहायच्या. कुठे अडली, कुठे कंटाळली, कशावर तासभर बसली. लवकर वाचता येणं एवढ्यावरून फारसं काही ठरत नाही, काही मुलं लवकर वाचतात आणि तिसरीपर्यंत सगळ्यांबरोबर येतात. प्रश्न कसले विचारते आणि नवी रीत स्वतः काढते का, हे जास्त सांगून जातं. वहीत शाळेतली ती ‘6’ वाली पानंही जोडली.

वहीमुळे ‘ही प्रज्ञावान आहे का’ या प्रश्नाला सध्या बाजूला ठेवता येतं. कदाचित असेल, कदाचित नसेल. सहाव्या वर्षी ‘कदाचित’ हेच प्रामाणिक उत्तर आहे. पण तिला आत्ता वर्गात नवीन काही शिकायला मिळत नाहीये, हे कदाचित नाही. ते वहीत तारखेसकट आहे.

दुसरी गोष्ट मागणीची. ‘तिच्यासाठी काहीतरी करा’ ही मागणी नव्हे. बाई मनापासून ‘हो’ म्हणतात आणि घंटा वाजते. मागणी छोटी हवी, मुदतीची हवी आणि बाईंचं काम शक्यतो न वाढवणारी हवी. इथे एक संशोधन फार कामाचं आहे. अमेरिकेत जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस यांनी एक पद्धत मांडली: मुलाला जे आधीच येतं ते धड्याच्या सुरुवातीलाच तपासायचं, तेवढा भाग गाळायचा आणि वाचलेल्या वेळात वेगळं काम द्यायचं. रीस यांच्या अभ्यासात शिक्षकांनी अशा निवडक मुलांच्या अभ्यासक्रमातला 40 ते 50 टक्के भाग गाळला, तरी त्यांचे परीक्षेतले गुण घसरले नाहीत. म्हणजे निम्मा वेळ ही मुलं येत असलेलंच करत होती!

म्हणून ताईची मागणी अशी ठरली: “धडा सुरू करताना शेवटची पाच अवघड गणितं तिला आधी द्याल का? पाचही आली, तर त्या तासाला ती मी पाठवलेली कोडी सोडवेल. न आली, तर सगळ्यांबरोबर करेल. सहा आठवडे करून बघू, मग पुन्हा भेटू.” बाईंना नवी जबाबदारी नाही, मुलीवर शिक्का नाही, आणि फसलं तर सोडून देता येतं.

‘पण शाळा म्हणते असं काही करता येत नाही’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की कायदा सांगून टाकते. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 24. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्यानुसार गरज असेल तर जादा शिकवणं, आणि पालकांना नियमित भेटून मुलाच्या प्रगतीविषयी सांगणं, ही त्यात शिक्षकाची कर्तव्यं म्हणून दिली आहेत. सगळे हे कलम मागे पडलेल्या मुलांपुरतं वाचतात. त्यात तसं लिहिलेलं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष आवड आणि क्षमता दिसणाऱ्या मुलांना नेहमीच्या अभ्यासापलीकडचं साहित्य द्यावं असं म्हटलंय. फक्त पहिल्याच भेटीत कलम काढू नका. बाईंशी भांडून मिळवलेली गोष्ट बाईच वर्गात राबवणार असतात.

डबल प्रमोशनचं काय, हेही लोक विचारतात. आजोबांच्या पिढीत ते सर्रास व्हायचं, आता मुख्याध्यापक सहसा दाद देत नाहीत. संशोधन मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे: नीट पारखून वरच्या वर्गात घातलेली मुलं अभ्यासात मागे पडत नाहीत, आणि त्यांचं भावनिक नुकसान होतं हेही सरासरीने दिसत नाही. ‘नीट पारखून’ हे दोन शब्द महत्त्वाचे. आयोवा विद्यापीठात यासाठी एक मोजपट्टी केली आहे. मुलाची स्वतःची इच्छा नसेल, किंवा ज्या वर्गात जायचं तिथे त्याचं भावंड असेल, तर ती सरळ ‘नको’ म्हणते, गुण कितीही असोत. हे वाचून मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटला.

‘पुढे ज्ञान प्रबोधिनीत घालू’ असं पुण्यात हमखास ऐकायला मिळतं. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये संस्था सुरू केली, 1969 मध्ये शाळा. पण प्रशालेचा प्रवेश पाचवीला. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीला. सहा वर्षांच्या मुलाला मधली चार वर्षं वर्गशिक्षिकेच्याच भरवशावर काढायची असतात. आणि आपल्याला कमी यावं, निदान यावं असं दाखवू नये, हे मूल त्याच वर्षांत शिकतं.

आता जी गोष्ट मला स्वतःला टोचते ती. माझ्या ताईला वही ठेवायला वेळ आहे, बाईंशी बरोबरीने बोलता येतं, बहीण पीएचडी करतेय. भाचीच्याच वर्गात मंडईत भाजीचा गाळा असलेल्यांचा मुलगा आहे. सुट्टे पैसे तो मोठ्यांपेक्षा लवकर मोजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्यासाठी शाळेत कोण जाणार? डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याचा अभ्यास केला. तिथे आधी पालक-शिक्षकांनी नाव सुचवलेल्या मुलांचीच चाचणी व्हायची. मग दुसरीतल्या सगळ्याच मुलांना एक चाळणी परीक्षा द्यायला लागले. निकष तेच ठेवले, तरी निवडलेल्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण खूप वाढलं. मुलींनाही आधी कमी सुचवलं जात होतं. मुलं तिथेच होती, त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. पुढे पैशांअभावी ती परीक्षा बंद झाली आणि वाढलेलं प्रमाण पुन्हा खाली आलं.

म्हणून ताईला शेवटच्या क्षणी मागणीत एक बदल करायला लावला. आधी देायची पाच गणितं फक्त भाचीला नकोत, फळ्यावर लिहा, ज्याला हवी त्याने सोडवावीत. ताई जरा नाराज झाली. “अगं, मग हिच्यासाठी काय मागितलं मी?” पण तिने तसंच सांगितलं.

बाईंनी वही नीट वाचली. ‘6’ च्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “मला वाटलं, सुधारली.” सहा आठवड्यांच्या आत दुसऱ्या भेटीला त्यांनीच ताईला बोलावलं. कोड्यांचे कागद संपले होते. पाच गणितं आता चार मुलं सोडवतात, त्यात तो गाळेवाल्यांचा मुलगाही आहे, आणि भाचीला एका कोड्यात त्याने दोनदा हरवल्यामुळे ती घरी येऊन रडली.