फिश टँकमधली झाडं : जिवंत की प्लास्टिकची?

1850 साली लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एका साध्या प्रयोगाची हकीकत मांडली. काचेच्या भांड्यात पाणी, तळाशी माती-वाळू, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाण्याखाली वाढणारी, लांब-अरुंद पानांची वनस्पती. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, झाड तो घेऊन प्राणवायू देईल, असा हिशेब होता. सुरुवातीला तो जमेना. जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं. मग वॉरिंग्टनने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. कुजकी पानं त्यांनी खाऊन टाकली आणि पाणी निवळलं. घरोघरच्या फिश टँकची कल्पना ज्या प्रयोगांतून आकाराला आली, त्यांतला हा एक महत्त्वाचा. त्यात झाड शोभेला ठेवलेलं नव्हतं. माशांच्या बरोबरीने त्यालाही काम होतं.

आज मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानांत किंवा आपल्या गावातल्या शोभेचे मासे विकणाऱ्याकडे नवा टँक घ्यायला गेलं की प्रश्न येतोच : झाडं खरी लावायची की प्लास्टिकची? उत्तरही ठरलेलं असतं. वेळ असेल तर खरी, नसेल तर प्लास्टिकची. मला हे उत्तर पटत नाही. प्लास्टिकच्या झाडाने आपलं काम कमी होत नाही. उलट जे काम झाडाने केलं असतं, ते आपल्या अंगावर येतं.

पाण्यात काय चालतं?

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेलं पान, या सगळ्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. माशांच्या कल्ल्यांना तो घातक. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या रेतीत वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टँक आणल्या दिवशीच दहा-बारा मासे सोडले की ते आठवड्याभरात मरू लागतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

जिवंत झाड इथे कामाला येतं. अमोनिया हे त्याचं खत आहे. झाड तो थेट शोषून घेतं, नायट्रेटही घेतं. हायड्रिला, सेराटोफायलम यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती यात सगळ्यांत पुढे. पाण्यातलं खत झाडांनी उचललं की शेवाळालाही कमी मिळतं. प्लास्टिकच्या पानावर जिवाणूंचा पातळ थर बसतो, तेवढा त्याचा उपयोग. नायट्रेट मात्र साचत राहतं आणि ते काढायला पाणी बदलण्यावाचून इलाज नसतो. झाडांच्या टँकमध्येही पाणी बदलावं लागतंच, पण एखादा आठवडा चुकला तर झाड सांभाळून घेतं.

प्राणवायूचं गणित थोडं वेगळं आहे. उजेडात झाड प्राणवायू देतं. भरपूर उजेड असला की पानांच्या कडांवर बारीक बुडबुडे धरतात आणि माळेसारखे वर जातात. पण अंधारात झाडही प्राणवायू घेतं. म्हणून दाट झाडीच्या टँकमध्ये रात्री एअर पंप बंद करू नये. आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हा फरक माशांच्या जिवावर बेतू शकतो.

प्लास्टिकची बाजू

तरीही काही घरांत प्लास्टिकचं झाड हाच शहाणपणाचा पर्याय असतो. ऑस्कर आणि फ्लॉवर हॉर्न हे मासे रेती उकरतात आणि झाडं मुळासकट उपटून टाकतात. गोल्डफिश मऊ पानांचा फडशा पाडतो. आजारी माशाला वेगळं ठेवायच्या टँकमध्ये तांबं असलेली औषधं घालावी लागली, तर त्यांनी झाडांचंही नुकसान होतं. तिथे धुऊन परत ठेवता येणारं प्लास्टिक बरं. माशाला आडोसा हवा असतो. तो जिवंत पानांचाच हवा, असं नाही.

मात्र ते निवडताना डोळे उघडे ठेवावेत. आणल्यावर एक रात्र कोमट पाण्याच्या पांढऱ्या भांड्यात बुडवून ठेवा. पाण्याला रंग आला तर ते झाड टँकमध्ये जाऊ देऊ नका. बुडातून तार बाहेर आलेली असेल तर ती गंजणार. मग नायलॉनचा जुना मोजा घ्या आणि पानाची कड त्यावरून हळूच ओढा. धागा अडकला, तर फायटर माशाचे तलम परही तिथे फाटतील. फायटरसाठी कापडी पानांची झाडं त्यापेक्षा चांगली. आणि प्लास्टिकवरही शेवाळ चढतंच. अधूनमधून काढून ब्रशने घासावं लागतं, साबण न लावता.

खरी झाडं निवडताना

खऱ्या झाडांना महागडे दिवे आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतोच, हा मोठा गैरसमज आहे. जपानच्या ताकाशी अमानो यांनी सजवलेल्या टँकची छायाचित्रं जगभर गेली, आणि त्या हिरव्यागार गालिच्यांना सिलिंडर लागतो हे खरं. सुरुवात मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या अनुबियासने किंवा आग्नेय आशियातल्या जावा फर्नने करावी. दोन्ही मंद वाढतात, साध्या एलईडीवर जगतात, आणि पानं चिवट असल्यामुळे पुष्कळदा गोल्डफिशही त्यांच्या वाटेला जात नाही.

अनुबियास हातात घेऊन नीट बघा. पानं ज्यातून फुटतात तो बोटाएवढा जाड, हिरवा आडवा कंद दिसेल. हा कंद रेतीत पुरला की कुजतो आणि झाड जातं. तो लाकडाच्या किंवा दगडाच्या तुकड्यावर सुती दोऱ्याने बांधायचा. काही आठवड्यांत मुळं लाकूड धरतात, दोरा पुढे आपोआप कुजून जातो. क्रिप्टोकोराइनचं उलट. ती रेतीत लावायची आणि पुन्हा हलवायची नाही. लावल्यावर तिची पानं विरघळल्यासारखी गळतात, म्हणून लोक ती मेली समजून फेकतात. मुळं शाबूत असली तर नवी पानं फुटतात.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरे, जमल्यास टायमरवर. खिडकीचं थेट ऊन टँकवर पडू देऊ नये, शेवाळ माजतं. नव्या झाडांबरोबर गोगलगायींची अंडी येतात. म्हणून ही झाडं आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून, धुऊन मगच लावावीत.

दुकानात आणखी एक फसगत होते. लकी बांबू आणि पीस लिली ही जमिनीवरची झाडं पाण्यातली म्हणून विकली जातात. पूर्ण बुडवली की काही आठवड्यांत ती सडतात आणि अमोनियात भर घालतात. मनी प्लांट मात्र हुशारीने वापरता येतो. मुळं पाण्यात, पानं बाहेर. तो नायट्रेट चांगला खेचतो.

सह्याद्री आणि आपल्या नद्या

क्रिप्टोकोराइनच्या काही जाती आपल्याच कोकण-सह्याद्रीच्या ओढ्यांत उगवतात. साताऱ्याच्या पठारांवर पावसाळ्यात उगवणारा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, तर इथलाच, प्रदेशनिष्ठ. ट्रेकला गेल्यावर अशी रोपं उपटून आणण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. पावसाच्या चार महिन्यांत डबक्यात फुलायची सवय असलेलं रोप बाराही महिने पाण्याखाली कसं टिकेल? आणि मोजक्या पठारांपुरत्या उरलेल्या वनस्पतीचं प्रत्येक रोप मोलाचं असतं. रोपवाटिकेत वाढवलेलीच झाडं विकत घ्यावीत.

हेच उलट दिशेनेही. छाटलेल्या फांद्या आणि नकोसे मासे ओढ्यात सोडू नयेत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून फुलांच्या देखणेपणापायी जगभर नेली गेली, आणि पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेवर आज तिचा थर दिसतो. टँकमध्ये शेवाळ खायला आणलेला सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. छाटलेली पानं वाळवून कुंडीत घालावीत, त्यांचं खत होतं.

तेव्हा झाड निवडण्याआधी मासा ठरवा. गप्पी, मॉली, टेट्रा किंवा फायटर असेल तर जिवंत झाडं लावाच. गप्पीची पिल्लं तर मॉससारख्या दाट झाडीच्या आडोशाला वाचतात. गोल्डफिश असेल तर लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि वर मनी प्लांट. ऑस्कर असेल तर प्लास्टिक, मोठा फिल्टर आणि दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलण्याची तयारी, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने. दोन फुटी टँकमध्ये पन्नासेक लिटर पाणी असतं. एवढ्याशा पाण्यात जगणाऱ्या जिवाला ते बदलून घ्यायची सोय नसते. ती जबाबदारी आपली. जिवंत झाड त्यात हातभार लावतं, म्हणून जिथे ते जगू शकतं तिथे तेच लावावं.