आवाज कुठे अडतो?

संगणक मुका झाला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर दुकानदाराला फोन. दोष कुठे होता हे पुष्कळदा आपल्याला कळत नाही आणि त्यालाही कळत नाही. आवाज परत आला, पैसे दिले, विषय संपला. लिनक्सवाल्या घरात मात्र हे जमत नाही. गल्लीतला दुकानदार लिनक्सचं नाव काढताच हात वर करतो, आणि ही प्रणाली तर आपलं पोट उघडं ठेवून म्हणते, या, तुम्हीच शोधा.

लिनक्सचा आवाजाशी संसार पहिल्यापासून कटकटीचा. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली ही प्रणाली जाहीर केली. त्या दशकात साउंड ब्लास्टर कार्ड बसवायचं तर पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ असे आकडे पाढ्यांसारखे पाठ लागत. कार्ड बसलं की चाचणीसाठी अनेकदा खुद्द टोरवाल्ड्सच्या आवाजातलं एक वाक्य वाजवलं जाई, लिनक्स हा शब्द आपण कसा उच्चारतो हे सांगणारं. घरातला कर्ता पुरुष बोलला म्हणजे सगळं ठीक आहे, असा तो प्रकार!

पुढे थरावर थर चढले. कार्डाशी थेट बोलणारा ‘अल्सा’ हा थर यारोस्लाव किसेला या चेक माणसानं १९९८ च्या सुमारास सुरू केला. त्याच्यावर ‘पल्सऑडिओ’ आला. अलीकडे त्याची जागा ‘पाइपवायर’नं घेतली, फेडोरा या लिनक्समध्ये २०२१ पासून. नावं विसरलात तरी चालेल. गाणं वाजवणारा प्रोग्राम, वाटप करणारा थर, कार्डाशी बोलणारा थर, कार्ड, आणि शेवटी पिन व वायर, हा क्रम तेवढा ध्यानात ठेवा.

बँकेत हयात गेल्यामुळे मला ही रचना परकी वाटत नाही. संध्याकाळी खातावही जुळली नाही म्हणून सगळी वही कोणी नव्यानं लिहीत नाही. कुठपर्यंत जुळतं ते पाहायचं, आणि जिथे जुळायचं थांबलं तिथल्या व्हाउचरला हात घालायचा. आवाजाचंही तसंच.

सुरुवात पिनेपासून करावी, कारण ती फुकटात होते. हेडसेटची ३.५ मिलिमीटरची पिन नीट पाहिलीत तर तिच्यावर काळ्या कड्या दिसतील. दोन कड्या म्हणजे तीन भाग : डावा कान, उजवा कान, भूमी. तीन कड्या म्हणजे चार भाग, चौथा माइकचा. ही चार भागांची पिन जुन्या टेबलावरच्या संगणकाच्या हिरव्या भोकात घातली तर ऐकू येतं, पण आपलं बोलणं पलीकडे जात नाही. माइकसाठी तिथे वेगळं गुलाबी भोक असतं. त्यासाठी एका पिनेच्या दोन करणारा जोड लागतो. तो न घेता प्रणालीला शिव्या देणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. यूएसबी हेडसेटची तऱ्हा निराळी. त्याच्या पोटात स्वतःचं साउंड कार्ड असतं, त्यामुळे संगणकाला दोन कार्डं दिसतात आणि आवाज भलत्याच कार्डाकडे जाऊ शकतो.

मग ‘अल्सामिक्सर’ उघडावं. उभे स्तंभ दिसतात. एखाद्याखाली इंग्रजी एम दोनदा असेल तर ती वाट बंद, कळफलकावरचं एम दाबलं की उघडते. अल्साच्या पहिल्या वर्षांत नवं कार्ड बसलं की सगळ्या वाटा बंदच असत. कार्ड बिघडलं समजून किती लोकांनी ते परत केलं असेल कोण जाणे.

हे सगळं एखाद्या हौशी माणसाचं दुखणं वाटेल. पण आमच्या शाखेत टेलिफोन ऑपरेटर असलेले एक स्नेही जन्मांध आहेत. निवृत्तीनंतर ते उबुंटू वापरतात. त्यात ‘ऑर्का’ नावाचा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. पेन्शनची नोंद, वर्तमानपत्र, मुलीची पत्रं, सगळं त्या आवाजातून. तुमच्या-माझ्या संगणकाचा आवाज गेला तर गाणं थांबतं. त्यांच्या संगणकाचा गेला तर सगळाच अंधार.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. “साहेब, कालपासून यंत्र बोलत नाही. मी एकटा आहे.”

मी गेलो. पिन ठीक, अल्साच्या वाटा उघड्या, कार्ड यादीत हजर. वाटप करणाऱ्या थराची खिडकी उघडली तर आवाजाची पट्टी चक्क नाचत होती. म्हणजे ऑर्का बोलत होता, पण तो आवाज जात होता भलतीकडे! भाच्यानं आदल्या दिवशी मोठ्या हौसेनं नवा मॉनिटर आणून एचडीएमआय वायरनं जोडला होता. त्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. प्रणालीनं नवं साधन पाहिलं आणि आवाज तिकडे वळवला. मॉनिटरला स्पीकर नव्हतेच. ज्यांना पडद्याचा काडीचा उपयोग नाही, त्यांचा आवाज पडद्यानं गिळला होता.

वाट बदलायला अर्धं मिनिट लागलं. पण त्यांचा प्रश्न खरा होता : “पुन्हा झालं तर? खिडकी मला दिसत नाही, आणि आवाज नसेल तर ऐकूही येणार नाही.”

इथे मला या प्रणालीचं मोल कळलं. जे खिडकीत माऊसनं होतं ते इथे शब्दांत, आज्ञा टाइप करूनही होतं. आणि टाइप करायला डोळे लागत नाहीत, कानही लागत नाहीत. त्यांनी तर आयुष्यभर बोटांवर काम केलेलं. आवाज जुन्या कार्डाकडे वळव, वाट उघड, पातळी साठ टक्क्यांवर आण, अशा तीन ओळी एका फाइलमध्ये लिहून तिला चार अक्षरांचं नाव दिलं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबायचं, क्षणभर थांबायचं, चार अक्षरं, एंटर. मी मुद्दाम आवाज मॉनिटरकडे वळवला आणि खुर्ची त्यांना दिली. पाच सेकंदांत ऑर्का बोलू लागला. त्यांनी तीनदा करून पाहिलं, मग कृती ब्रेलमध्ये एका कार्डावर टोचून कळफलकाच्या खाली चिकटवली.

भाच्यानं नंतर ब्लूटूथ हेडसेटही आणला. तो त्यांनी आठवड्यात परत केला. कळ दाबल्यावर अक्षर ऐकू यायला जो किंचित उशीर होतो तो डोळसांच्या लक्षातही येत नाही. त्यांना तो एखाद्या ट्रंक कॉलसारखा वाटत होता. शिवाय माइक चालू केला की आवाज टेलिफोनइतका पातळ होई. हा दोष लिनक्सचा नव्हे. बोलणं आणि ऐकणं एकदम करायचं असलं की ब्लूटूथ चांगल्या आवाजाची वाट सोडून अरुंद वाट धरतो. सध्या त्यांच्याकडे वायरीचा साधा हेडसेट आहे, तीन कड्यांच्या पिनेचा, दोन पिनांच्या जोडासकट.