फुगा उडतो तो थंडीवर

पहाटे चारला हॉटेलच्या दारात गाडी आली, तेव्हा आमच्यातला एक जण जांभई देत कुरकुरला, "नऊला उडवलं तर काय बिघडतं यांचं? चहाबिहा घेऊन आरामात आलो असतो." सूर्योदय छान दिसतो म्हणून पहाटे, अशी आमची समजूत. तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियात फुग्यात बसलो आणि खरं कारण कळलं.

आधी पंख्याने गार हवा भरून फुगा आडवाच फुगवतात, मग बर्नर पेटतो. टोपलीत मान भाजते आणि पावलं गारठतात.

हिशेब साधा आहे. समुद्रसपाटीला 15 अंशांची घनमीटरभर हवा साधारण 1.2 किलो भरते, 100 अंशांची 0.95 किलो. फरक जेमतेम पाव किलोचा! म्हणून तर फुगा एवढा अवाढव्य. दहा हजार घनमीटरचा फुगा अडीच टन उचलेल. त्यातून कापड, टोपली, सिलिंडर वजा जाता उरेल ते माणसांचं. इथे हजार मीटरहून जास्त उंचीवर हवा विरळ, त्यामुळे आणखी थोडी तूट. आतली हवा वाटेल तेवढी तापवावी, तर शंभर-सव्वाशे अंशांपुढे नायलॉन टिकत नाही. मग बाहेरची थंडी हाच फुकटचा फायदा.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गरम हवेचे फुगे उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंना वाटे, फुगा धुराने उडतो. ते ओला पेंढा आणि लोकर जाळत. समजूत चुकीची, पण 21 नोव्हेंबर 1783 रोजी त्यांच्या फुग्यातून दोन माणसं पॅरिसवरून सुमारे 25 मिनिटं तरंगत गेली!

पहाटेचं दुसरं कारण जमिनीत आहे. हिवाळ्यात गावाकडे चुलींचा धूर वर न चढता कौलांवर आडवा पसरलेला आठवतो? रात्रभर जमीन निवते, तिला चिकटलेली हवा गारठून दरीत पाण्यासारखी साचते, वरची त्या मानाने उबदार राहते. अशी हवा ढवळत नाही. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात. घारीला ते हवेहवेसे, फुग्याला मात्र नकोत.

फुग्याला सुकाणू नसतं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो. पायलट वर-खाली करून हवा तो वारा गाठतो. खालचा वारा कुठे वाहतोय हे पाहायला काही पायलट चक्क थुंकतात आणि थुंकी कुठे सरकते ते बघतात!

वारा लागेल म्हणून आम्ही कानटोप्या घातल्या होत्या. पण वर मफलरचं टोकसुद्धा हललं नाही. वाऱ्याबरोबरच निघालेल्याला वारा कसा लागणार? खाली सुळक्यांवरून आमची सावली सरकत होती, तेवढ्यावरूनच आपण चाललोय हे कळत होतं.

नऊला आम्ही हॉटेलच्या गच्चीवर होतो. कुरकुरणाऱ्या मित्राला एकदाचा चहा मिळाला. आकाशात एकही फुगा नव्हता. समोरच्या टेकडीवर कुठलासा शिकारी पक्षी पंख न हलवता गोल गोल वर चढत होता.